पातळ चाकाने लोखंड कापताना

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात मान वर करून पाहिले, की मागाच्या माथ्यावर जकार्डची चौकट दिसते. चादरीवरची नक्षी तिथून उतरते. तिच्यात शेकडो हुक, तेवढ्याच सुया, दोऱ्या, स्प्रिंगा आणि या सगळ्याला धरून ठेवणारे बारीक स्क्रू असतात. वर्षानुवर्षे तेल, धूळ आणि सुताचा तंतू बसून त्यांतला एखादा स्क्रू असा जाम होतो, की पेचकस लावला तर डोक्यावरची खाच सोलून निघते आणि स्क्रू मात्र हलत नाही. तिथे हॅक्सॉची चौकट शिरत नाही. चार इंची ग्राइंडर नेला तर स्क्रूच्या आधी शेजारचेच काही कापले जाते. अशा जागी रोटरी टूल कामी येते. मुठीत मावणारी मोटर, तिच्या तोंडात तीन मिलिमीटरचा दांडा आणि दांड्याच्या टोकाला रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठे, नखाइतके पातळ कटिंग व्हील. मोटर मिनिटाला पाच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत फेरे घेते.

हत्यार छोटे असल्यामुळे ते खेळण्यासारखे हाताळले जाते, आणि तिथेच चूक होते. व्हील तुटते, काप वाकडा जातो, डोळ्यात कण जातो. लोक म्हणतात, माल हलका होता. कधी कधी तो खरेच हलका असतो. पण बहुतेक वेळा व्हील चुकीचे निवडलेले असते किंवा त्याच्याकडून पात्याचे काम मागितलेले असते.

पात्याला एक धार असते. ती गेली की पाते काढून पुन्हा धार लावायची. कटिंग व्हीलला अशी धार नसते. त्याच्या अंगात हजारो कठीण कण राळेत घट्ट बसवलेले असतात आणि कडेवर आलेला प्रत्येक कण धातूचा एक अतिसूक्ष्म तुकडा खरवडून काढतो. खरवडता खरवडता कण बोथट होतो. बोथट झाला की त्याच्यावरचा जोर वाढतो. मग तो एकतर फुटून नवा टोकदार कोपरा पुढे करतो किंवा राळेतून उखडून पडतो आणि त्याच्या मागचा ताजा कण पुढे येतो. म्हणून चाक झिजणे ही खोट मानू नये. चाक झिजते तेव्हाच ते कापत असते. जे व्हील महिनोन्‌महिने तेवढेच राहते, ते बहुधा लोखंडावर नुसते घासले जात असते. निवड, वेग, हाताचा दाब, साठवण हे सगळे या कण-राळेच्या नात्यावरच ठरते.

कणांचे मुख्य प्रकार दोन. पहिला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. बॉक्साइट विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या वर वितळवून तो तयार करतात. आपल्या कोल्हापूरच्या डोंगरांतही बॉक्साइट निघते. दुसरा सिलिकॉन कार्बाइड, जो एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकी संशोधकाने १८९१ साली कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटपटीत शोधला. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा कण चिवट असतो. सिलिकॉन कार्बाइडचा कण त्याहून कठीण, पण ठिसूळ. कणांना धरून ठेवणारी राळ म्हणजे फेनॉलिक रेझिन, लिओ बेकलँड यांनी १९०७ साली बनवलेल्या बेकेलाइटच्याच घराण्यातली. त्याआधीपासून पातळ चाकांसाठी लाखही वापरली जात होती. भारतात ग्राइंडिंग व्हील बनवण्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. उरणजवळच्या मोरा इथे १९४१ साली ग्राइंडवेलचा कारखाना उभा राहिला. तीच कंपनी पुढे ग्राइंडवेल नॉर्टन झाली. १९५४ साली मद्रासमध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल आली. हार्डवेअरच्या दुकानात या दोन्ही घरांचा माल आजही ओळीने मांडलेला दिसतो.

आता दुकानात काय मागायचे ते पाहू.

रोटरी टूलसाठी मिळणाऱ्या व्हीलमध्ये सगळ्यात स्वस्त असते ते साधे, तपकिरी, साधारण २४ मिलिमीटर व्यासाचे आणि ०.६ मिलिमीटर जाडीचे. डबीत ते डझनांनी येते. ते छान बारीक काप घेते, पण त्यात जाळी नसते. किंचित तिरका दाब पडला की त्याचे तुकडे होतात. त्याचाच जाड भाऊ १ मिलिमीटरचा. तो थोडा जास्त सोसतो. तिसरा प्रकार काचतंतूंची जाळी घातलेला, ३२ किंवा ३८ मिलिमीटर व्यासाचा. व्हील उजेडात धरले तर जाळीचे चौकोन दिसतात. जाळी असली की तडा गेलेले व्हीलही लगेच विखरत नाही. माझे मत स्पष्ट आहे: लोखंड कापायचे असेल तर जाळीचेच घ्या. साधे पातळ व्हील बारीक तार, जकार्डची सुई, छोट्या स्क्रूची खाच एवढ्यापुरते ठेवा, तेही हात बसल्यावर. नवशिक्याच्या हाती ते देऊच नये.

याच डब्यांशेजारी हिऱ्याची कणी चढवलेल्या चकचकीत चकत्या असतात. झिजत नाहीत म्हणून त्या लोखंडालाही चालतील असे वाटते. फरशी, काच, चिनीमाती, दगड यांना त्या उत्तम. पण हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेले लोखंड कार्बन आपल्यात ओढून घेते. त्यामुळे पोलादावर हिऱ्याची कणी पटकन गोल होते आणि चकती नुसती तापत राहते. दात असलेल्या छोट्या गोल करवतीही त्याच संचात येतात. त्या लाकूड आणि प्लॅस्टिकसाठी असतात. पोलादात त्यांचा दात अडकला तर हत्यार हातातून उसळते.

धातूप्रमाणे निवड अशी. साधे लोखंड, म्हणजे बाजारात ज्याला एमएस म्हणतात ते, त्याला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे जाळीचे व्हील. स्प्रिंगची तार, मागाच्या फणीची पाती, जकार्डच्या सुया हे कडक पोलाद. त्यालाही कण तोच, पण चाक पातळ घ्यावे, म्हणजे उष्णता कमी तयार होते. स्टेनलेससाठी तसेच पातळ चाक, पण वेष्टणावर आयनॉक्स असे लिहिलेले. त्या चाकात लोह, गंधक आणि क्लोरीन नसल्याची हमी असते. एरवी कापलेल्या कडेत लोहाचे कण रुतून बसतात आणि न गंजणाऱ्या स्टीलवर काही दिवसांत तांबूस डाग उठतात. साध्या लोखंडावर वापरलेले व्हील स्टेनलेसला लावू नये, तेही याच कारणाने.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हे सोलापूरकरांच्या ओळखीचे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखी कंपनी मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट इथे ओतते आणि घासून जगभर पाठवते. जुन्या मागांच्या बाजूच्या चौकटी आणि गिअरसुद्धा बिडाचेच. बीड ठिसूळ असते. त्याचा कीस लांब निघत नाही, भुगा पडतो. त्यावर सिलिकॉन कार्बाइड चांगले चालते. ते मिळाले नाही तर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने काम अडत नाही.

तांबे, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम हे मऊ धातू. इथे अडचण उलटी असते. मऊ धातू वितळल्यासारखा होऊन कणांच्या फटींत भरतो, कडेवर त्याचा चकाकणारा थर बसतो आणि कण पुढे येणेच थांबते. अशा भरलेल्या व्हीलवर आणखी जोर दिला की ते तापते आणि फुटते. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापायची असेल तर मी हॅक्सॉच सांगेन. व्हीलच वापरायचे असेल तर कडेला मधूनमधून मेण लावून थोडे थोडे कापावे. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप असेल तर मोकळ्या हवेतच बसावे. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो.

वेष्टणावरचे लिखाण वाचायची सवय लावून घ्यावी. मोठ्या व्हीलवर ‘ए ४६ टी बीएफ’ अशा धर्तीची अक्षरे असतात. पहिले अक्षर कणाचे: ए म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, सी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. आकडा कणाच्या आकाराचा. आकडा मोठा तर कण बारीक. पुढचे अक्षर चाक कणाला किती घट्ट धरते ते सांगते. वर्णमालेत जितके पुढचे अक्षर, तितकी पकड घट्ट. इथे एक नियम ऐकायला उलटा वाटतो: कडक धातूला सैल पकडीचे चाक, मऊ धातूला घट्ट पकडीचे. कडक धातूवर कण लवकर बोथट होतात, म्हणून त्यांना लवकर सोडून देणारे चाक हवे. शेवटचे बीएफ म्हणजे रेझिनची राळ आणि तंतूंची जाळी. यांशिवाय फेऱ्यांची कमाल मर्यादा असते. रोटरी टूलच्या चिमुकल्या चाकावर एवढे छापायला जागाच नसते. सगळे डबीवर किंवा पुठ्ठ्यावर असते. म्हणून सुटी व्हील घेऊ नयेत, आणि घेतल्यावर डबी फेकू नये.

फेऱ्यांची मर्यादा हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे, आणि तो सगळ्यात कमी वाचला जातो. व्हीलच्या कडेचा वेग काढणे सोपे आहे: व्यास गुणिले ३.१४ गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले साठ. ३८ मिलिमीटरचे व्हील ३५,००० फेऱ्यांनी फिरले तर कड सेकंदाला सुमारे ७० मीटर धावते. तासाला हे २५० किलोमीटर झाले. व्हील फुटले तर तुकडा त्याच वेगाने निघतो. २४ मिलिमीटरच्या व्हीलची कड तेवढ्याच फेऱ्यांत सेकंदाला ४४ मीटर जाते. चार इंची ग्राइंडरवरचे १०५ मिलिमीटरचे चाक ११,००० फेऱ्यांवर साठ मीटरच्या आसपास असते. हाताने वापरायच्या अशा चाकांची नेहमीची मर्यादा सेकंदाला ८० मीटर. युरोपीय पद्धतीच्या चाकांवर तिच्यासाठी लाल पट्टा असतो.

आता एक जुगाड पाहा. बाजारात असे दांडे मिळतात, ज्यांच्यावर चार इंची ग्राइंडरचे व्हील बसवून ते सरळ डाय ग्राइंडरमध्ये, म्हणजे रोटरी टूलच्याच जातीच्या पण मोठ्या हत्यारात, अडकवता येते. डाय ग्राइंडर २५,००० फेरे घेतो. १०० मिलिमीटरच्या चाकाची कड तिथे सेकंदाला १३० मीटरच्या वर जाते. चाकाला आतून फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे दीडपटीहून थोडा जास्त वेग म्हणजे अडीचपटीहून जास्त ताण. जाळी असली तरी ती एवढ्यासाठी विणलेली नसते. शिवाय डाय ग्राइंडरला गार्डही नसते. हा जुगाड कुठे दिसला तर तो बंद करायला सांगावे, मग समोरचा कितीही अनुभवी मास्तर असो. चार इंची ग्राइंडरचे गार्ड काढून त्यात सात इंची व्हील बसवणे हा त्याचाच दुसरा अवतार.

वेगाची दुसरी बाजूही आहे. चाक झिजून लहान झाले की तेवढ्याच फेऱ्यांत कडेचा वेग उतरतो, कापणे मंदावते, आणि माणूस नकळत जोर वाढवतो. जोर वाढवण्याऐवजी फेरे वाढवावेत, अर्थात मर्यादेच्या आत. मोठे व्हील असताना २५,०००वर चालणारे काम लहान झालेल्या व्हीलला ३५,०००वर नीट जमते.

व्हील बसवण्याआधी ते उजेडात फिरवून पाहावे. कडेला टवका, अंगावर केसासारखी रेघ, वाकडेपणा यांतले काहीही दिसले तर ते टाकून द्यावे. व्हील ज्या दांड्यावर बसते त्याला मँड्रेल म्हणतात. त्याच्या टोकाच्या बारीक स्क्रूखाली कागदी किंवा फायबरची चकती असेल तर ती काढू नये. ती पकडीचा दाब सगळीकडे सारखा पसरवते. स्क्रू बेताने आवळावा. जास्त आवळला तर चाकाला मधोमध तडा जातो आणि तो चालू केल्यावरच कळतो. दांडा कोलेटमध्ये, म्हणजे हत्याराच्या तोंडातल्या पकडीत, पुरेसा आत गेलेला हवा. जागा अडचणीची आहे म्हणून दांडा लांब बाहेर काढला तर तीस हजार फेऱ्यांवर तो वाकतो, आणि वाकलेला दांडा व्हील घेऊन सुटतो. मग हत्यार तोंडापासून लांब, भिंतीकडे किंवा जमिनीकडे धरून अर्धा-एक मिनिट मोकळे फिरू द्यावे. त्याच्या पातळीत कोणी उभे नसावे. थरथर जाणवली तर बंद करावे आणि पुन्हा बसवावे. दोषी व्हील बहुधा या पहिल्या मिनिटातच फुटते. तेव्हा ते भिंतीकडे असलेले बरे.

कापायची वस्तू शिकंज्यात पकडलेली हवी. एका हातात सळई आणि दुसऱ्या हातात रोटरी टूल हे दृश्य नेहमीचे आहे, आणि बोटे अशीच जातात. वस्तू अशी धरावी की कापताना चीर उघडत जाईल. दोन्ही टोके टेकलेली आणि मध्ये काप घेतला तर वस्तू मध्ये लवते, चीर मिटते आणि व्हील चिमटले जाते. सुटणारा भाग मोकळा लोंबता ठेवला की हे टळते.

आता प्रत्यक्ष काप. फेरे पूर्ण वेगावर आल्यावरच कड धातूला टेकवावी, आणि पहिल्या फेरीत खोल जायचे नाही. रेघेवरून एकदा हलकेच नेऊन उथळ खाच पाडावी. हीच खाच पुढे व्हीलला वाट दाखवते. मग तीच वाट पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी खोल. हात पुढे-मागे हलता ठेवावा, म्हणजे एकाच जागी उष्णता साठत नाही. हत्यार कोणत्या दिशेने सरकवायचे यालाही अर्थ आहे. चाकाची फिरण्याची ओढ आपल्या सरकवण्याला विरोध करील अशी दिशा धरावी. ओढीच्या दिशेनेच सरकवले तर चाक धातूवर चढून पुढे पळू पाहते आणि हत्यार ताब्यातून जाते.

दाब किती द्यायचा हे कानाने कळते. मोटरचा आवाज मोकळा असताना जसा असतो त्याहून किंचितच उतरला पाहिजे. आवाज दाबला गेला, घोगरा झाला, की जोर जास्त आहे. तेव्हा फेरे पडतात, मोटर तापते, राळ जळल्याचा वास येतो आणि चाक भराभर झिजते. पण हात अगदीच हलका ठेवून नुसते टेकवत राहिले तरी बिघडते. तिथे कणांवर फुटण्याइतका जोरच येत नाही, ते गुळगुळीत होतात, कड चमकू लागते आणि कापण्याऐवजी नुसती उष्णता तयार होते. ठिणग्यांची धार सारखी निघत असेल तर दाब बरोबर आहे असे समजावे.

ठिणगी म्हणजे खरवडून निघालेला लोखंडाचा तापलेला कण, हवेतल्या ऑक्सिजनमध्ये जळत जाणारा. तिच्याकडे पाहून धातूही ओळखता येतो. साध्या लोखंडाची ठिणगी लांब आणि पिवळसर, तिला फाटे कमी. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणगीला टोकाशी फुलबाजीसारखे दाट फाटे फुटतात. बिडाची आखूड आणि लालसर, स्टेनलेसची आखूड आणि नारिंगी. अ‍ॅल्युमिनियम, तांबे, पितळ यांना ठिणगीच नसते. भंगारातून आणलेला तुकडा कोणत्या जातीचा आहे याची शंका असेल तर कोपऱ्यावर व्हील टेकवून आधी पाहून घ्यावे.

कापलेली कड निळी पडली तर तिथले तापमान तीनशे अंशांच्या घरात गेले होते असे समजायचे. साध्या पट्टीला त्याने फरक पडत नाही. पण स्प्रिंग, सुई, फणीची पाती यांचा कडकपणा तेवढ्या भागात उतरतो आणि तो भाग पुढे तिथेच वाकतो. अशा वस्तूंना दोन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत कापावे, मध्ये निवू द्यावे.

चीर पडल्यावर व्हील आत असताना मनगट वळवू नये. व्हील त्याच्या पातळीत भरपूर ताकद सोसते, आडवा दाब जवळजवळ सोसत नाही. कापून झाल्यावर त्याच व्हीलच्या सपाट बाजूने कड घासायचा मोह होतो. त्या कामाला कानस आहे.

सुरुवातीच्या जाम स्क्रूकडे वळू. डोक्याच्या मधोमध, जुन्या खाचेला काटकोनात, सरळ नवी खाच पाडायची. खोली डोक्याच्या जाडीच्या निम्म्याहून कमी, नाहीतर पेचकस लावताच डोके दुभंगते. व्हील गोल असल्यामुळे खाच मध्ये खोल आणि कडांना उथळ होते. म्हणून पेचकसाचे पाते खाचेच्या रुंदीत घट्ट बसेल असे निवडावे. कापताना स्क्रू तापतो, त्याने गंजाची पकडही थोडी ढिली होते, म्हणून तो गरम असतानाच फिरवून पाहावा. नट जाम असेल तर नटाची एक बाजू बोल्टच्या लांबीच्या दिशेने कापत आणायची, आट्यांना व्हील लागण्याआधी थांबायचे, आणि उरलेली पातळ भिंत छिन्नीच्या एका ठोक्याने फोडायची. बोल्ट वाचतो.

किती जाड कापता येईल यालाही हद्द आहे. २४ मिलिमीटरच्या व्हीलमध्ये मधल्या स्क्रूचे डोके वजा केले की हाती आठ-नऊ मिलिमीटरची खोली उरते, आणि चाक झिजेल तशी ती कमी होते. सहा मिलिमीटरची सळई फिरवत फिरवत चहूबाजूंनी सहज कापता येते. बारा मिलिमीटरच्या गजासाठी मात्र हॅक्सॉ किंवा चार इंची ग्राइंडर घ्यावा. रोटरी टूलच्या मोटरमध्ये तेवढी ताकद नसते.

डोळ्यांबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. साधा चष्मा पुरत नाही. बाजूने बंद असलेला गॉगल हवा, आणि वरच्या दिशेला कापायचे असेल तर त्यावर चेहऱ्याची पारदर्शक ढालही. लोखंडाचा तापलेला कण बुबुळावर चिकटला तर काही तासांत त्याच्याभोवती गंजाचे कडे धरू लागते. तो कण काडीने, रुमालाच्या टोकाने किंवा लोहचुंबकाने काढून देणारे ‘जाणते’ हात प्रत्येक पेठेत असतात. त्यांच्याकडे जाऊ नये. डोळा चोळू नये, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावा. लुंगीचा सोगा, गळ्यातला गमछा, ओढणी, मोकळे केस फिरत्या दांड्याजवळ नकोत. सैल सुती हातमोजेही नकोत. त्यांचा धागा ओढला गेला तर मागोमाग बोट जाते. नाकाला मास्क हवा, कारण भुग्यात लोखंडाबरोबर राळ आणि काचतंतूही असतात.

आणि आता आग. हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण सोलापुरात तो बाकी सगळ्याहून मोठा आहे. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सुताच्या शहरात तंतू सगळीकडे असतो: मागाखाली, तुळयांवर, विजेच्या तारांवर, जकार्डच्या प्रत्येक फटीत. सोलापूरचा उन्हाळा त्रेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि तो तंतू कडकडीत वाळतो. मे २०२५मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा जीव गेला. कटिंग व्हीलचा त्या घटनेशी काही संबंध होता असे मी म्हणत नाही. सूत आणि टॉवेल पेटल्यावर माणसाला बाहेर पडायलाही किती थोडा वेळ मिळतो, ते त्या दिवशी शहराने पाहिले.

व्हीलची ठिणगी दोन-चार मीटर सहज जाते. जमिनीवर पडल्यावर ती विझल्यासारखी दिसते, पण तंतूच्या गादीत पडलेली ठिणगी धूर न दाखवता आत धुमसत राहू शकते आणि पाऊण तासाने पेटू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या एनएफपीए ५१बी या नियमावलीत ठिणगीच्या कामाभोवती ३५ फूट, म्हणजे जवळजवळ ११ मीटर, जळण्याजोगे काही नको असे म्हटले आहे, आणि काम संपल्यावर पाळतीची मुदत पूर्वी अर्धा तास होती ती वाढवून एक तास केली आहे. पूर्व भागात जिथे घराच्या पुढच्या खोलीतच चार माग चालतात, तिथे अकरा मीटर आणायचे कुठून? माझे उत्तर असे: भाग सुटत असेल तर तो सोडवून अंगणात न्यावा आणि तिथे कापावा. सुटत नसेल तर ओळीतले माग बंद करावेत, मेन स्विच पाडावा आणि रोटरी टूलला बाहेरून वायर आणावी. तंतू झाडून बाहेर काढावा. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, तो वर जाऊन तुळयांवर बसतो. मागावरचा बीम आणि ताणा ओल्या गोणपाटाने झाकावा, पाण्याची बादली आणि वाळू हाताशी ठेवावी, ठिणग्यांच्या वाटेवर पत्र्याचा तुकडा उभा करावा. एक माणूस फक्त पाहायला असावा आणि तो काम झाल्यावर तासभर तिथेच थांबावा. एवढे जमणार नसेल तर हॅक्सॉचे सुटे पाते एका टोकाला चिंधी गुंडाळून हातात धरावे आणि अर्धा तास घासत बसावे. त्या अर्ध्या तासाची मजुरी वाया गेली असे कोणत्याही कारखानदाराने मानू नये.

कापून झाल्यावरचा भुगा हाही कापडाचा शत्रू आहे. त्यातले कण बेअरिंगमध्ये गेले तर ते बेअरिंग घासत राहतात, आणि लोखंडाची धूळ पांढऱ्या टॉवेलच्या ताण्यावर बसली तर तो पहिल्या धुलाईत गंजाचे ठिपके घेऊन परत येतो. म्हणून काम करण्याआधी बेअरिंगवर तेलाची चिंधी गुंडाळावी, कापल्यावर लोहचुंबक फिरवावा, मग ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

राहिली साठवण. फेनॉलिक राळ हळूहळू ओल धरते आणि तिची पकड कमजोर होते. युरोपीय प्रमाणाप्रमाणे रेझिनच्या हातवापराच्या चाकांचे आयुष्य बनल्यापासून तीन वर्षे धरतात, आणि मोठ्या व्हीलच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदत कोरलेली असते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, म्हणून इथे ओलीची काळजी नाही असे वाटेल. पण सूत तुटू नये म्हणून माग असलेल्या खोलीत मुद्दाम पाणी मारून दमटपणा राखतात. व्हीलची डबी त्या खोलीत ठेवू नये. तापलेल्या पत्र्याखालीही नको. घरातल्या कोरड्या कपाटात, त्याच डबीत, सपाट ठेवावीत. पान्या-हातोड्यांच्या पेटीत सुटी टाकलेली व्हील आदळून तडकतात आणि तडा बाहेरून दिसत नाही. झिजून पंधरा-सोळा मिलिमीटर राहिलेली चाकेही लगेच टाकू नयेत. जकार्डच्या ज्या फटीत नवे व्हील शिरत नाही तिथे हीच शिरतात. त्यांची डबी वेगळी ठेवावी आणि वर खरेदीचा महिना लिहावा.